आधी गेलेल्यांची नावं

भूपालअण्णांकडे कुणीही लग्नपत्रिका करायला गेलं की ते आधी मेलेल्यांची चौकशी करत. मुलीचं नाव काय, मुहूर्त कधी, कार्यालय कुठलं, हे सगळं नंतर. समोरच्या बाकावर माणसं हसत-खिदळत येऊन बसलेली असायची, कुणाच्या हातात पेढ्यांचा पुडा, कुणाच्या मोबाइलमध्ये दुसऱ्यांच्या पत्रिकांचे फोटो, आणि अण्णा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "घरातलं गेलेलं कोण कोण?" नवी माणसं दचकायची. शुभकार्याला आलोय आणि हा गृहस्थ विचारतोय काय? मग अण्णा शांतपणे सांगत, "आधी गेलेल्यांची नावं सांगा. जित्ती माणसं काय, मागनं भांडून घालून घेत्यात."

निपाणीत बस स्टँडच्या मागच्या बोळात त्यांची एका खोलीची जागा होती. अण्णा छापत नसत, नुसती अक्षरं जुळवत. छपाई कोल्हापूरला नाहीतर बेळगावला व्हायची. आमच्याकडे पत्रिका दुहेरी असते, डावीकडं मराठी आणि उजवीकडं कन्नड. कारण मुलीची आत्या चिकोडीकडं कन्नड घरात दिलेली असते, मुलाचा मामा मराठी कागलचा असतो, आणि आपल्याला वाचता येईल असं नाव दिसलं नाही तर दोघंही अक्षता टाकून न जेवता निघून जातात. अण्णांना दोन्ही भाषा सारख्याच. जैन शेतकऱ्याचं घर, आईशी कन्नड, गल्लीत मराठी, व्यापाऱ्याशी दोन्ही मिसळून. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. बोळात नवं दुकान आलंय, मोबाइलच्या कव्हरांचं, आणि तिथं कुणी कुणाची चौकशी करत नाही.

मी त्यांच्या समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्ती करते. मूळची बेळगावजवळच्या येळ्ळूरची, डिप्लोमा करून तिथल्याच मच्छे गावातल्या एका कारखान्यात सर्किटं तपासायला होते, लग्न होऊन निपाणीला आले आणि हा गाळा घेतला. माझा स्वभाव फार गोड नाही. लोक चहा सांडलेला लॅपटॉप आणतात आणि 'मी काही केलं नाही, आपोआप बंद पडला' असं म्हणतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. अण्णा समोरून ऐकत असायचे. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे, "येळ्ळूरबाई, जरा दमानं घ्या. त्यो बी कुणाच्या तरी पत्रिकेत मामा असंल."

दुकानाच्या शुभारंभाचं कार्ड करायला मी त्यांच्याकडेच गेले होते. त्यांनी मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, अहो अण्णा, हे लग्न नाही, दुकान आहे. ते म्हणाले, मग दुकान काय आभाळातनं पडलंय का? मी वडिलांचं नाव सांगितलं. मुलीनं मशिनी उघडायचं शिकायला जावं म्हणून आमचे वडील सगळ्या भावकीशी भांडले होते, आणि माझा डिप्लोमा पुरा व्हायच्या आत गेले. अण्णांनी त्यांचं नाव माझ्या नावाच्या वर घेतलं, थोडं मोठ्या अक्षरात, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मला तिथं स्टुलावर बसून रडू आलं. अण्णांनी समजूत वगैरे काढली नाही. पंखा तेवढा माझ्या बाजूला वळवला.

माझ्या लग्नाची पत्रिका बेळगावात झाली होती, याचा मात्र त्यांना कायम राग. एकदा ती मागून घेतली, उलटसुलट वाचली आणि सांगितलं की मावशीला 'आपले नम्र'मध्ये कोंबलंय, तिची जागा वर होती. मावशीनं माझ्या लग्नात तोंड का फुगवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

अण्णांचा लॅपटॉप जुना होता. काळा, जाडजूड, उचलला तर हात भरून यावा असा. त्यातलं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरही तेवढंच जुनं, नव्या मशिनीत घातलं की अक्षरांचं कडबोळं व्हायचं. वेलांटी भलतीकडं, रफार हवेत. त्यामुळे अण्णा आणि ते मशीन एकमेकांना धरून होते. मी माणसं त्यांच्या कीबोर्डवरून ओळखते. कुणाचं एन्टरचं बटण झिजलेलं असतं, कुणाचं खोडायचं. अण्णांच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये 'श्री' एकाच बटणावर होता, आणि ते बटण घासून कोरं झालं होतं. त्याच्यावर मूळचं कुठलं इंग्रजी अक्षर होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ते दुकानाला कडी घालून जेवायला घरी जात. त्यांची बायको सुशीलाआक्का, मुलगी पद्मा शाळेत होती तेव्हाच वारली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे त्याच्या आधी स्वतः स्वैपाक करायचा, म्हणून ऐन सीझनमध्येसुद्धा चारच्या सुमाराला अण्णा गायब व्हायचे. गिऱ्हाईक ओरडायचं. परत आले की अंगाला फोडणीचा वास असायचा आणि ते बिनदिक्कत सांगायचे, "पोरीला वांग्याची भाजी हवी हुती."

पण अण्णांची खरी गोष्ट म्हणजे त्यांचं वाचन. पत्रिका जुळवून झाली की घरच्यांना बोलावून घ्यायचे, बाकावर बसवायचे आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचे. नुसतं नाव. आधी श्री नाही, कै. नाही. प्रत्येक नावाला घरच्यांनी उत्तर द्यायचं, 'हाय' किंवा 'गेले'. हाय म्हटलं की अण्णा ते कोरं बटण दाबायचे आणि नावाआधी 'श्री.' उमटायचं. गेले म्हटलं की 'कै.' लावायचे आणि क्षणभर थांबायचे. त्यांचा आवाज खणखणीत होता. मला समोर सोल्डरिंग करता करता सगळं ऐकू यायचं, आणि कुणाच्या घरात कोण आहे आणि कोण नाही, हे निम्म्या निपाणीचं मला त्या आवाजामुळे पाठ झालं.

एकदा उचगावच्या बाजूचं एक कुटुंब आलं होतं. एवढ्या लांबून ते अण्णांकडेच आले, कारण घरातली पहिली पत्रिकाही त्यांनीच केलेली. मुलीचे वडील आणि त्यांचा थोरला भाऊ यांचं बांधावरून बोलणं बंद होतं. भावाचं नाव त्यांनी सांगितलंच नव्हतं, पण अण्णांनी जुन्या पत्रिकेतून ते घेतलं आणि वाचनात मोठ्यानं उच्चारलं. बाकावरून उत्तर आलं नाही. अण्णा पुढं गेले नाहीत. पुन्हा वाचलं नाही, काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. चहा आला, त्याच्यावर साय धरली. वडील भिंतीकडं बघत होते. शेवटी कोपऱ्यात बसलेली म्हातारी, दोघांची आई, म्हणाली, "हाय. माझ्या जिवात जीव हाय तवर हाय." अण्णांनी बटण दाबलं आणि पुढचं नाव घेतलं. थोरला भाऊ लग्नाला आला की नाही, मला ठाऊक नाही. पत्रिकेत होता एवढं नक्की.

वाचल्याशिवाय पत्रिका सोडायची नाही, हा नियम त्यांनी कडक केला तो एका चुकीनंतर. एका घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न घाईत ठरलं. त्यांनी फोनवरच सांगितलं की थोरलीची पत्रिका आहे तुमच्याकडे, तीच घ्या, नावं आणि तारीख बदला, बसायला वेळ नाही. अण्णांनी तसं केलं. थोरलीच्या आणि धाकटीच्या लग्नाच्या मध्ये मुलींचे वडील वारले होते. पत्रिका छापून आली ती त्यांच्या नावाआधी 'श्री.' घेऊनच. अण्णांना कळल्यावर ते पायात चप्पल न घालता त्या घरी गेले. सगळे गठ्ठे परत घेतले, नवीन छापून देतो म्हणाले. मुलींच्या आईंनी गठ्ठे दिले, पण एक पत्रिका पदराखाली धरून ठेवली. म्हणाल्या, एवढी एक ऱ्हाऊ द्या अण्णा, ह्याच्यात ते हैत. अण्णांनी हे मला एकदाच सांगितलं आणि सांगताना चष्मा पुसत राहिले. त्यानंतर मंत्र्याच्या घरची असो की हमालाच्या, माणसं येऊन बसल्याशिवाय आणि हाय-गेले म्हटल्याशिवाय एकही पत्रिका त्यांनी सोडली नाही.

आणि एक पत्रिका होती पद्माची.

ती त्यांनी सुशीलाआक्का गेल्या त्या वर्षी करायला घेतली. पद्मा तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जात होती. सगळ्या गावाच्या पोरींच्या पत्रिका करतो, आपल्या पोरीची घाईत कशाला करायची, असं ते म्हणायचे. दरवर्षी सीझन संपला की त्यात काहीतरी भर पडे. एका वर्षी चारी बाजूंना मोर आले. एका वर्षी सोनेरी वेलबुट्टी आली, ती त्यांनी बायकोच्या शालूच्या काठावरून स्वतः काढली होती. वरच्या ओळीत महावीरांचं स्मरण, त्याखाली आजोबा, आजी, मग आई. वराच्या नावाची जागा कोरी. मुहूर्ताची कोरी. बाकावर बसलेल्या कुणालाही ते ती उघडून दाखवत, आणि पद्मा तेवढ्यात डबा घेऊन आली की लाजेनं लाल होऊन उलट्या पावली पळायची. "आप्पा, माझं लगीन न्हाय, तुमच्या मोरांचं लगीन हाय ते," असं एकदा ती जाता जाता म्हणाली होती. अण्णा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

पद्मा शिकली, बेंगळूरला नोकरीला लागली. पत्रिकेत शेवटची भर अण्णांनी त्या सुमाराला घातली. सुशीलाआक्कांचा फोटो, भिंतीवर लावायच्या आकाराचा स्कॅन केलेला, तसाच्या तसा आत टाकला. मी ओरडले होते की अण्णा, एवढा मोठा फोटो झेपायचा नाही तुमच्या मशिनीला, लहान करा. ते म्हणाले, तिला कशाला लहान करायचं?

मग एका दुपारी पद्माचा फोन आला. तिनं तिकडंच नोंदणी करून लग्न केलं होतं. मुलगा महांतेश, तिच्याच ऑफिसातला, दावणगेरीकडचा. जैन नव्हता. वडिलांना विचारलं तर नाही म्हणतील आणि नाही म्हटल्यावर आपल्याला मोडता यायचं नाही, म्हणून तिनं विचारलंच नाही. मी तेव्हा त्यांच्या दुकानात प्रिंटर बघत होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, "कळवलंस, बरं झालं," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. मग समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, हां, आजोबांचं नाव काय म्हणालात?

नंतर ती फाइल कुणी पाहिली नाही. अण्णा तसेच दुकानात येत, तसेच वाचत. फक्त संध्याकाळी घरी जायचे बंद झाले. दिवस मावळायच्या आत दुकानातच दोन केळी खात. पद्मा सणावाराला फोन करायची, ते उचलायचे, बरं हाय म्हणायचे आणि ठेवायचे. ती यायची म्हणाली की म्हणायचे, सीझन हाय. मला त्यांचा राग यायचा. एकदा तोंडावर म्हटलंही की अण्णा, दुसऱ्यांच्या भावांना पत्रिकेत घालता आणि स्वतःच्या पोरीला दारात घेत नाही.  दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा माझा चहा सांगितला.

गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला. सीझनमध्ये बसायचाच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण तो सुटेना. वाचताना मध्येच फाटायला लागला, मग नुसती खरखर उरली. बेळगावच्या डॉक्टरांनी घशात कॅन्सर सांगितला. तंबाखूच्या बाजारपेठेत, निपाणीत जन्म काढून तंबाखूला कधी हात न लावलेला माणूस. मला त्या दिवशी देवाचा संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्यानंतर आवाज नाही.

तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात अण्णा काखेत लॅपटॉप घेऊन माझ्या गाळ्यात आले. "पद्माची उघडंना," म्हणाले. "गोल फिरतंय आन् मेमरी न्हाय म्हणतंय." मी लावून पाहिलं. खरंच उघडत नव्हती. मोर, वेलबुट्टी आणि तो अख्खा फोटो एवढं सगळं पेलायला त्या मशिनीत रॅमची एक लहानशी पट्टी होती, मशीन घेतलं तेव्हाची. मी म्हटलं, फोटो काढून टाकला तर कदाचित उघडेल, पण काढायला आधी उघडायला पाहिजे.  अण्णा म्हणाले, "मला ती वाचायची हाय. आवाज हाय तवर."

तेव्हा मला समजलं की हा माणूस कशासाठी आलाय. त्यांना पद्माची पत्रिका पुरी करायची होती, छापायची होती आणि त्याआधी स्वतःच्या तोंडानं वाचायची होती. लग्न होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. मी विचारलं की अण्णा, आता कुणाला बोलावणार? "बोलवायला नव्हं," ते म्हणाले, "कळवायला."

त्या जुन्या जातीची रॅम आता नवी मिळत नाही. बेळगावला जुन्या मालाच्या दोन-तीन दुकानांत फोन केले, शेवटी एकाकडे भंगारातल्या लॅपटॉपच्या दोन पट्ट्या निघाल्या. अण्णांनी विचारलं, दोनच? आणखी बसंत न्हाईत? मी सांगितलं की खाचाच दोन आहेत, आणि तुमची जुनी सिस्टीम ह्याच्यापुढची मोजतच नाही. ते म्हणाले, मग हाय तेवढ्यात भागवूया.

पट्ट्या आल्या त्या दिवशी मी बॅटरी काढली, मागचे स्क्रू सोडवले, झाकण उघडलं. आत इतक्या वर्षांची धूळ होती. अण्णा शेजारी स्टुलावर, हात मांडीवर, श्वास धरून बसलेले. मी बाजूच्या दोन क्लिपा सरकवल्या आणि जुनी पट्टी तिरकी होऊन वर आली. नव्या पट्ट्यांच्या सोनेरी कडा काळवंडल्या होत्या. त्या पुसायला मी पेन्सिलीचं खोडरबर घेतलं, तेव्हा अण्णांना फार नवल वाटलं. खोडरबरानं चालतंय व्हय, म्हणाले, आणि खिशातून स्वतःचं काढून दिलं, मऊ हाय म्हणून. त्यांच्या खोडरबरानं मी कडा घासल्या, पट्ट्या तिरक्या घालून दाबल्या, टक असा आवाज आला. बॅटरी लावून बटण दाबलं तर पडदा काळाच आणि मशीन लांब लांब शिट्ट्या मारायला लागलं.

अण्णांचा चेहरा उतरला.  हे असं होतं, पट्टी नीट बसली नाही की होतं, हे मला माहीत होतं, दिवसातून दोनदा होतं. मी बॅटरी काढली. पट्ट्या पुन्हा काढल्या, पुन्हा घासल्या, जागा बदलून दाबल्या. या वेळी शिट्टी झाली नाही. पडदा उजळला. फाइलवर क्लिक केलं आणि आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या गोलाकडं बघत बसलो. आधी एक मोर आला. मग दुसरा. मग वेलबुट्टी कडेकडेनं उमटत गेली आणि शेवटी सुशीलाआक्का आल्या, वरून खाली, कपाळ, कुंकू, मग डोळे. अण्णांनी हात जोडले नाहीत की काही नाही. नुसतं म्हणाले, "आली."

पुढचे दोन दिवस ते जुळवत होते. 'विवाह करण्याचे योजिले आहे' होतं तिथं 'विवाह संपन्न झाला आहे' केलं. वराच्या जागी महांतेशचं नाव घातलं, उजवीकडं कन्नडमध्येही. मी मधून मधून जाऊन मशीन तापतंय का बघत होते. असंच एकदा पाहिलं तर वर, गेलेल्यांच्या ओळींत, सुशीलाआक्कांच्या खाली त्यांनी स्वतःचं नाव घेतलेलं. मी म्हटलं, अण्णा, हे चुकून वर गेलंय.

"चूक न्हाय," ते म्हणाले. "छापून यायला वेळ लागतोय. मागनं कोण बदलणार?"

 मी विषय बदलावा म्हणून विचारलं की महांतेशच्या घरच्यांची नावं कुठून आणणार. तेव्हा ते माऊसवरचा हात काढून बसले. नियम त्यांचाच होता. घरची माणसं समोर बसल्याशिवाय पत्रिका सोडायची नाही. थोड्या वेळानं त्यांनी आपला फोन माझ्याकडे सरकवला. "तू लाव," म्हणाले. "माझा आवाज आता तिला वळखायचा न्हाय." मी पद्माला फोन लावला. सगळं सांगायची गरज पडली नाही. पत्रिका वाचायची आहे, दोघं या, एवढंच म्हटलं, आणि पलीकडून ती हमसून रडायला लागली.

दोघं सकाळच्या गाडीनं आले. दुसऱ्या दिवशी अण्णांना बेळगावला भरती व्हायचं होतं. तिथून ते परत आले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगायला नको. पत्रिका नंतर छापून आल्या आणि पद्मानं घरोघर जाऊन दिल्या.

मला आठवतात ते त्या सकाळचे अण्णा. इस्त्रीचा सदरा, गळ्याभोवती मफलर, चष्मा कपाळावर. पद्मा दारात आली तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. महांतेश दाराबाहेर चपला काढून अवघडून उभा होता. त्याला मराठी थोडं कळत होतं, बोलता येत नव्हतं. अण्णांनी त्याला कन्नडमध्ये बस म्हटलं. मग दोघांना बाकावर, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं आणि त्यांनाही दिसेल असा लॅपटॉप तिरका ठेवला. मशीन अडकलं तर असावं म्हणून मी मागं उभी होते.

अण्णांनी आधी महांतेशकडची नावं विचारून घेतली, गेलेल्यांची आधी. मग वाचन सुरू झालं. आवाज कसला, नुसता वारा होता, पण प्रत्येक नाव ते पूर्ण उच्चारत होते. महांतेशच्या आजोबांचं नाव वाचलं. तो बावरला, मग पद्मानं हळूच सांगितल्यावर म्हणाला, "इल्ल." नाहीत. अण्णांनी 'कै.' लावलं, थांबले. त्याच्या आईचं नाव वाचलं. "इद्दारे," तो म्हणाला, आहेत, आणि हे म्हणताना ताठ बसला. अण्णांनी मान हलवली.

मग आपली बाजू. अण्णांच्या वडिलांचं नाव. "गेले," पद्मा म्हणाली. आईचं नाव. "गेली." मग, "सुशीला." पद्मा फोटोकडं बघत होती. "गेली," ती म्हणाली, आणि अण्णा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

"भूपाल."

पद्मानं वर पाहिलं. ते नाव कुठल्या ओळीत आहे, ते तिला दिसलं. लहानपणापासून ती ह्या खोलीत वाढली होती, कुठली ओळ कुणाची हे तिला सांगावं लागत नव्हतं. ती काही बोलली नाही. अण्णाही पुढं गेले नाहीत. उचगावच्या म्हातारीसाठी बसले होते तसे बसून राहिले. बोळातून कुणाची तरी सायकल गेली. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"हाय," ती म्हणाली. "आप्पा, हाय. खाली घ्या."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं नाही. स्क्रीनकडंच बघत होते. मग त्यांनी ती ओळ उचलली आणि हळूहळू खाली ओढली, सुशीलाआक्कांच्या फोटोवरून, मोराच्या पिसाऱ्यावरून, कन्यापित्याच्या जागेपर्यंत. मी आतल्या आत म्हणत होते, आता अडकू नको बाबा. मशीन अडकलं नाही. त्यांनी बोट त्या कोऱ्या बटणावर ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, आणि दाबलं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढचं नाव वाचलं.